जन्मापर्यंत न पोचलेल्या गर्भारपणांची नोंद

गोव्यात आज जवळजवळ प्रत्येक बाळंतपण रुग्णालयात होते. पाचव्या महिन्यात गर्भाची अवयवनिहाय सोनोग्राफी करून घेणे ही पणजी-मडगावपुरती राहिलेली गोष्ट नाही. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या बायकाही ती करून घेतात, आणि काही संशयास्पद दिसले की चिठ्ठी म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयाकडे व तिथून बहुतेक वेळा बांबोळीला गोमेकॉकडे, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे, जाते. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे सरकारी महाविद्यालय, मोजकेच जिल्हे, २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्या. इतक्या आटोपशीर राज्यात एका सरळ प्रश्नाचे उत्तर सहज मिळायला हवे. गेल्या दहा वर्षांत गोव्यात किती गर्भांमध्ये गंभीर जन्मजात व्यंग आढळले, ते कोणते होते, त्यांपैकी किती गर्भारपणे मध्येच थांबवली गेली, किती आपोआप संपली, किती बाळे जन्मली आणि जन्मलेली बाळे आज कशी आहेत? हे सगळे एका ठिकाणी लिहून ठेवण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने कुणावरही घातलेले नाही, आणि जे बंधनकारक नाही ते आपल्याकडे कितपत लिहिले जाते हे वाचकांना सांगायला नको.

कागद मात्र भरपूर तयार होतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीगणिक ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. तपासणी कशासाठी केली आणि तीत काय आढळले, हे दोन्ही त्यात लिहायचे असते. हा कागद दोन वर्षे सांभाळायचा. एखादा खटला चालू नसेल तर त्यानंतर त्याची गरज संपली. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याखाली रुग्णालयात एक वेगळी नोंदवही असते. ती गोपनीय असते, पाच वर्षे ठेवली जाते, आणि तिच्यावरून दरमहा जे विवरणपत्र वर जाते त्यात ‘गर्भातील व्यंग’ हे कारण एक आकडा होऊन बसते. तो आकडा मेंदूच्या व्यंगाचा, हृदयाच्या की मूत्रपिंडांच्या, हे त्यातून कळत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखालील नियमांत मृतजन्म म्हणून नोंद होण्यासाठी गर्भ अठ्ठावीस आठवड्यांचा असावा लागतो. म्हणजे विसाव्या आठवड्यात निदान होऊन बाविसाव्या आठवड्यात संपलेले गर्भारपण जन्मांत येत नाही, मृतजन्मांतही येत नाही. ते केवळ त्या घराला ठाऊक असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की व्यंग असलेल्या गर्भारपणांविषयीचे संशोधन जन्मलेल्या बाळांवरून करता येत नाही. ते गर्भारपणांवरून करावे लागते, आणि त्यासाठी जन्मापर्यंत न पोचलेली गर्भारपणेही, त्या स्त्रियांच्या संमतीने आणि त्यांच्या उपयोगासाठी, लिहून ठेवावी लागतात. गोव्यासारख्या राज्याला हे जमण्यासारखे आहे. ते न करण्यामागे आपण जी कारणे देतो, त्यांतली काही खरी आहेत आणि काही संकोचाला दिलेली सभ्य नावे आहेत.

या विषयातले वैद्यकाचे ज्ञान कसे वाढत गेले ते पाहिले तर पहिले पाऊल बहुधा आयांच्या बोलण्यातूनच पडलेले दिसते. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त येऊ लागली. त्यांच्या आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, येऊन गेला होता, हे त्या आयांकडूनच त्यांना कळले, आणि गर्भाला विषाणूमुळे इजा होऊ शकते ही गोष्ट प्रथमच ठोसपणे मांडली गेली. रुबेलाची लस १९६९ मध्ये आली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या टप्प्यातल्या मोजक्या राज्यांत गोवा होता. शाळाशाळांतून ही लस टोचली गेली तेव्हा पालकांच्या शंकांनी किती खळबळ उडाली होती हे अनेकांना आठवत असेल. या लसीने गोव्यात किती बाळांचे डोळे, कान आणि हृदय वाचवले हे आकड्यांनी दाखवायचे तर २०१७ पूर्वीची नोंद हवी. ती नीट ठेवलेली असती तर शंकेखोर पालकांपुढे ठेवायला जाहिरातीपेक्षा बळकट काही तरी हाती असते.

पण या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाचे आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण संशोधनाची नीती आणि संशोधनाचा उशीर या दोन्ही गोष्टी त्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. ती नीट मिटली नाही तर कवटी आणि मेंदूच न घडलेला गर्भ किंवा पाठीचा कणा उघडा राहिलेले बाळ, अशी व्यंगे होतात. असे एक गर्भारपण झालेल्या स्त्रीला पुढच्या वेळी तेच होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा बराच जास्त असतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड स्मिथेल्स यांनी अशाच स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वे देऊन पाहिली आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जीवनसत्त्वे पूर्ण घेतलेल्या १७८ मातांत एकाच गर्भात व्यंग आढळले, तर न घेतलेल्या २६० मातांत तेरा गर्भांत. फरक डोळ्यांत भरणारा होता. तरीही त्यावर विसंबता येईना, कारण दोन्ही गटांतल्या स्त्रिया चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. न घेणाऱ्यांत आधीच दिवस गेलेल्या किंवा नकार दिलेल्या स्त्रिया होत्या, आणि अशा स्त्रियांचे आहार, वय, परिस्थिती वेगळी असू शकते. मुळात स्मिथेल्स यांना चिठ्ठ्या टाकूनच चाचणी करायची होती. रुग्णालयांच्या नीती समित्यांनी परवानगी नाकारली. कुणाही स्त्रीला खोटी गोळी देणे त्यांना क्रूर वाटले.

त्या दयेची किंमत पुढच्या दहा-अकरा वर्षांनी मोजली. जुलै १९८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने निकोलस वाल्ड यांच्या नेतृत्वाखाली चिठ्ठ्यांची चाचणी सुरू केली. सात देशांतली तेहतीस केंद्रे आणि आधी असे गर्भारपण झालेल्या १,८१७ स्त्रिया तीत होत्या. एप्रिल १९९१ मध्ये ती मुदतीआधी थांबवण्यात आली, कारण उत्तर स्पष्ट झाले होते. पूर्ण माहिती मिळालेल्या १,१९५ गर्भारपणांत सत्तावीस गर्भांमध्ये हे व्यंग आढळले. त्यांपैकी सहा फॉलिक आम्ल घेतलेल्या गटांत, एकवीस न घेतलेल्या गटांत. धोका बहात्तर टक्क्यांनी कमी होतो, हे आज कोणत्याही प्रसूतितज्ज्ञाच्या तोंडी असलेले वाक्य त्या सत्तावीस गर्भारपणांतून आलेले आहे. त्यांतली मध्येच थांबवलेली गर्भारपणे मोजायची नाहीत असे ठरले असते, तर उत्तर त्या वेळी मिळालेच नसते, किंवा चुकीचे मिळाले असते. न्यूयॉर्क असो वा डिचोलीतले नार्वे, फॉलिकची गोळी घेणारी प्रत्येक स्त्री त्या अनोळखी बायकांची ऋणाईत आहे.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने याच धर्तीची बहुकेंद्री चाचणी १९८८ मध्ये सुरू केली होती. पुरावा एका बाजूला झुकत असताना निम्म्या स्त्रियांना परिणामकारक गोळी न देणे योग्य का, अशी टीका तिच्यावर झाली, आणि ब्रिटिश निष्कर्ष येताच ती आटोपती घ्यावी लागली. ती टीका अवाजवी होती असे मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या गरीब स्त्रीची संमती कशी घेतली जाते, सही कोण करतो, नवरा किती समजून घेतो आणि सासू काय सांगते, हे पाहिलेल्या कुणालाही संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु स्मिथेल्स यांची गोष्ट आणि ही गोष्ट शेजारी ठेवल्या की संशोधन केले म्हणून होणारा अन्याय जितका खरा, तितकाच संशोधन केले नाही म्हणून होणाराही खरा दिसतो. पहिल्याची तक्रार करायला कुणीतरी समोर असते. दुसऱ्याचा बळी कोण ते कुणालाच, खुद्द त्या स्त्रीलाही, कळत नाही, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

शिवाय आपल्या आकड्यांची गरज परक्या आकड्यांनी भागत नाही. उत्तर प्रदेशातल्या बलरामपूर जिल्ह्यात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत मज्जारज्जूच्या व्यंगांचे प्रमाण हजार जन्मांमागे सहा ते आठ इतके मोठे आढळले, आणि ते २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा रुग्णालयांच्या नोंदींवर विसंबणाऱ्यांना धक्का बसला. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने अनेक वर्षे दाखवून दिले आहे की आपल्याकडच्या गर्भवतींत फॉलिकपेक्षा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव अधिक ठळक असते. शाकाहारी घरांतून ती अधिक असणार हे उघड आहे. मग रोजच्या जेवणात बांगडा-पेडवे असणारा गोवा यात कुठे बसतो? श्रावणभर, सोमवारी-गुरुवारी मासळी न खाणारी घरे, रोज मासळी खाणारी घरे आणि अजिबात न खाणारी घरे एकाच वाड्यावर नांदत असलेले हे राज्य अशा अभ्यासासाठी उत्तम आहे. गोळ्यांच्या वेळेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे गोळी सुरू होते ती नावनोंदणी झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. नळी तोवर मिटलेली असते किंवा कायमची उघडी राहिलेली असते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पिठा-तांदळात फॉलिक आम्ल मिसळण्याला चालना देणारा ठराव केला. अशा धान्याने गोव्यात फरक पडला की नाही हे मोजायचे कशावर, हा प्रश्न पुन्हा त्या नसलेल्या वहीपाशीच येऊन थांबतो.

संशोधन म्हटले की मोठ्या चाचण्या डोळ्यांपुढे येतात. एका गर्भाची नीट केलेली तपासणीही संशोधन असते. २०१६ च्या सुरुवातीला झिका विषाणूने ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे जन्मत असल्याची शंका जगभर पसरली होती, पण पुरावा डळमळीत होता. ब्राझीलमध्ये राहून आलेल्या एका युरोपीय स्त्रीने गर्भाचे व्यंग कळल्यावर स्लोव्हेनियात बत्तिसाव्या आठवड्यात गर्भारपण थांबवले. नंतर केलेल्या शवविच्छेदनात गर्भाच्या मेंदूत तो विषाणू सापडला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अहवाल जगापुढे आला. त्या स्त्रीने शवविच्छेदनाला नकार दिला असता तर तिला कुणी दोष देऊ शकले नसते.

आपल्याकडे गर्भाच्या शवविच्छेदनाचे नाव काढले की घरचे हादरतात, डॉक्टरही विषय काढायला कचरतात. संपलेल्या जिवाची आणखी चिरफाड कशाला, ही भावना समजण्यासारखी आहे. पण या तपासणीचा पहिला लाभ विज्ञानाला होत नाही, त्याच स्त्रीला होतो. समजा, सोनोग्राफीत गर्भाच्या डोक्याच्या मागच्या भागातून मेंदूचा काही अंश बाहेर आलेला दिसला आणि मूत्रपिंडे मोठी दिसली. गर्भजल कमी असल्यामुळे हातापायांची बोटे मोजता आली नाहीत. गर्भारपण थांबवले गेले. बोटे पाच आहेत की सहा हे विच्छेदनात पाहिले आणि ती सहा निघाली, तर मेकेल-ग्रुबर नावाच्या आनुवंशिक आजाराची शक्यता बळावते, आणि मग पुढच्या प्रत्येक गर्भारपणात तेच होण्याचा धोका चारांत एक असतो. एकट्या मज्जारज्जूच्या व्यंगात तो शंभरात दोन ते पाच असतो, आणि फॉलिकच्या मोठ्या मात्रेने तोही कमी करता येतो. एका सहाव्या बोटावर त्या जोडप्याचा पुढचा निर्णय, पुढची चाचणी आणि पुढची गोळी ठरते. जनुकांची तपासणी याला जोड देते. मात्र गर्भात व्यंग दिसले की जनुकतपासणीतून उत्तर मिळेलच, असा जो समज खासगी प्रयोगशाळांच्या रंगीत पत्रकांवरून होतो तो खरा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, आधीच्या चाचण्यांत काही न सापडलेल्या ६१० गर्भांपैकी साडेआठ टक्क्यांतच जनुकीय कारण सापडले. हे पत्रकात लिहिलेले नसते.

उत्तर मिळत नाही तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. ग्रहणात तिने विळीवर काही चिरले होते, हा निकाल आपल्या समाजात कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा लवकर लागतो आणि त्यावर अपील नसते. शिकलेल्या घरांत ग्रहणाच्या जागी नोकरी, उशिरा केलेले लग्न किंवा स्कूटर येते, आरोपी मात्र तीच राहते. देवळात कौल लावून मनाला धीर मिळत असेल तर त्याला माझा काडीचाही विरोध नाही. फक्त पुढच्या वेळचा धोका किती, हे तिला सांगणे सरकारी आरोग्ययंत्रणेचे काम आहे, देवाचे नव्हे.

जे घराच्या पातळीवर होते तेच गावाच्या पातळीवरही होते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी वर्षानुवर्षे झाली, २००० च्या सुमारास ती थांबली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली. तिथल्या मुलांची दुःखे साऱ्या देशाने पाहिली. तरीही कार्यकारणाचा वाद संपता संपेना, कारण फवारणीपूर्वी त्या गावांत कोणत्या व्यंगाची किती बाळे जन्मत होती, याची तुलनेसाठी नोंद नव्हती. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या खाणपट्ट्यात धुळीविषयी लोक जे प्रश्न विचारत आले आहेत, त्यांचेही तसेच आहे. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. धूळ असलेली वर्षे आणि नसलेली वर्षे अशी आयती तुलना निसर्गाने नव्हे, न्यायालयाने करून दिली होती. व्यंगांची नोंद असती तर खाणमालक आणि ग्रामस्थ या दोघांपैकी कुणीतरी खोटे ठरले असते, आणि सभांतून होणारा आरडाओरडा निदान या एका मुद्द्यापुरता थांबला असता.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत मोठा आक्षेप गोपनीयतेचा आहे आणि तो मला सर्वस्वी मान्य आहे. गर्भपाताच्या कायद्यात स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा. गोव्यात हा प्रश्न मुंबई-दिल्लीपेक्षा अवघड आहे, कारण येथे आकडाच माणसाची ओळख सांगतो. ‘धारबांदोडा तालुका, वर्ष अमुक, मेंदूचे व्यंग, एक’ असे छापले तर नाव लिहायची गरज उरत नाही. त्या तालुक्यातल्या प्रत्येक वाड्यावर ती कोण हे ठाऊक असते. त्यामुळे तालुकानिहाय तक्ते छापण्याच्या सरकारी सवयीला येथे आवर घालावा लागेल, नाव आणि माहिती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी लागेल, आणि पाचांहून कमी असलेला कोणताही आकडा बाहेर जाणार नाही असा नियम करावा लागेल. युरोपात १९७९ पासून चालू असलेल्या ‘युरोकॅट’ या नोंदजाळ्यात जिवंत जन्म, विसाव्या आठवड्यानंतरचे गर्भमृत्यू आणि व्यंगामुळे थांबवलेली गर्भारपणे, असे तिन्ही मोजले जातात. लहान लहान देशही त्यात आहेत आणि तिथल्या स्त्रियांची नावे रस्त्यावर आलेली नाहीत.

दुसरा आक्षेप धर्माच्या अंगाने येतो. गोव्यातला चौथा हिस्सा समाज ख्रिस्ती आहे, आणि कॅथलिक चर्चची गर्भपाताविषयीची भूमिका सर्वांना माहीत आहे. हिंदू घरांतही पापाची भावना कमी नसते, फक्त तिला व्यासपीठ नसते. पण नोंद ठेवणे म्हणजे गर्भपाताला उत्तेजन देणे नव्हे. उलट, व्यंग कळूनही गर्भारपण पुढे नेणाऱ्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हे आज सर्वांत कमी माहीत असलेले क्षेत्र आहे, आणि गर्भपात ज्यांना मान्य नाही त्यांनीच ही माहिती सर्वांआधी मागायला हवी.

तिसरा आक्षेप अपंगांच्या चळवळीतून येतो आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ झाला तेव्हा देशभरातून आलेल्या अपंग व्यक्तींनी हे शहर आपले करून टाकले होते. त्यांच्यातल्या एखाद्याने विचारले की तुमच्या वहीत माझ्यासारख्यांचे जन्म कमी होणे म्हणजे यश मानणार का, तर त्याला उडवाउडवीचे उत्तर देता येणार नाही. व्यंग टाळणे आणि व्यंग असलेला माणूस टाळणे यांतली रेषा पुसट आहे, आणि वैद्यकाने ती अनेकदा बेफिकिरीने ओलांडली आहे. यावर माझे उत्तर असे की वही जन्मापाशी बंद करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जन्मजात दोषांची तपासणी आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार, अशी व्यवस्था कागदावर आहेच. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयातले छिद्र, डाउन सिंड्रोम असलेली मुले दहाव्या वर्षी शाळेत जातात का, शस्त्रक्रिया वेळेवर झाली का, आईला नोकरी सोडावी लागली का, हेही त्याच वहीत आले पाहिजे. आज पाचव्या महिन्यात एखाद्या जोडप्याला निर्णय घ्यायला सांगितले जाते, तेव्हा त्यांच्यापुढे फिलाडेल्फियाचे किंवा लंडनचे आकडे ठेवले जातात. पाठीचा कणा उघडा असलेल्या गर्भावर आईच्या पोटातच शस्त्रक्रिया केल्यास डोक्यातले पाणी काढण्यासाठी नळी बसवण्याची गरज ब्याऐंशी टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांवर येते, हे २०११ च्या अमेरिकी चाचणीने दाखवले. मुदतपूर्व प्रसूती आणि गर्भाशयाच्या व्रणाचे धोके वाढतात, हेही तिनेच दाखवले. पण पेडण्यातल्या जोडप्याला हवे असते ते हे, की आपल्याकडे जन्मलेली अशी मुले आज चालतात का.

आकड्यांच्या अभावी कायदाही कसा चाचपडत आला ते आठवावे. १९७१ च्या कायद्यातली वीस आठवड्यांची मर्यादा हृदयाच्या आणि मेंदूच्या काही व्यंगांसाठी अपुरी होती, कारण ती त्यानंतरच नीट दिसतात. २००८ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याने प्रसूतितज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि ते निराश होऊन परतले. गोव्याचे खंडपीठ त्याच न्यायालयाचे आहे. त्यानंतर तेरा वर्षे एकेका स्त्रीने पोटातल्या गर्भासह न्यायालयात जायचे, न्यायाधीशांनी घाईने डॉक्टरांची समिती नेमायची आणि दिवस मोजत बसायचे, असे चालले. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगांसाठी मर्यादा काढून वैद्यकीय मंडळाकडे निर्णय सोपवला, आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे असे नियमांत आले. कोणते व्यंग कोणत्या आठवड्यात लक्षात येते, याची देशी नोंद समोर असती तर संसदेला एवढा वेळ लागला नसता असे मला वाटते. आता निदान या मंडळांपुढे येणारी प्रकरणे तरी, नावे वगळून, अभ्यासासाठी जपून ठेवावीत.

‘गोवा लहान आहे, येथे संशोधन काय होणार’ हे वाक्य मला नेहमी आळसाचे वाटत आले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ मध्ये डॉ. संजीव थॉमस यांनी अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंद सुरू केली. फेफऱ्याची कोणती गोळी गर्भाला किती बाधते, याविषयीच्या जागतिक चर्चेत आज केरळच्या त्या नोंदीचा हवाला दिला जातो. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसे लागली. राज्य लहान असण्याची अडचण एवढीच की एकेका व्यंगाची प्रकरणे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येतील, आणि एकट्या गोव्याला त्यांवरून निष्कर्ष काढता येणार नाहीत. तेहतीस केंद्रे लागतात ती त्यासाठीच. म्हणून नोंदीचा नमुना पहिल्या दिवसापासून बाहेरच्या जाळ्यांशी जुळणारा हवा. सुरुवातीच्या उत्साहानंतर काय होते याचाही अनुभव गोव्याला आहे. नवजात बाळांच्या विस्तारित रक्तचाचणीचा सरकारी कार्यक्रम येथे २००८ मध्ये, देशात फार लवकर, सुरू झाला होता आणि काही वर्षांनी तो थांबला. योजना उद्घाटनाने सुरू होते. नोंदवही मात्र त्यासाठी पगार घेणारे पद असेल तरच टिकते.

संमतीविषयी एक व्यावहारिक सूचना करतो. गर्भारपण ठेवायचे की थांबवायचे हा निर्णय होईपर्यंत संशोधनाचा शब्दही काढू नये, आणि जो डॉक्टर उपचार करतो त्याने संमती मागू नये. विच्छेदनाची परवानगी काही तासांत घ्यावी लागते, पण ती त्या कुटुंबाच्या स्वतःच्या उत्तरासाठी आहे असेच, आणि तेवढेच, सांगावे. ती माहिती पुढे अभ्यासासाठी वापरायची का, हे सहा-आठ आठवड्यांनी, अहवाल समजावून देण्याच्या भेटीत विचारावे. तोवर स्त्री बोलण्याच्या स्थितीत आलेली असते आणि नाही म्हणण्याचे बळही तिच्यात असते. कागद कोकणीत आणि मराठीत असावा. गोव्याच्या राजभाषा कायद्याने दोन्हींना जागा दिलेली असताना इंग्रजी छापील मजकुरावर अंगठा घेण्याची सबब उरत नाही. मुख्य म्हणजे ही दुसरी भेट खरोखर व्हायला हवी. आज बहुतेक स्त्रिया रुग्णालयातून घरी गेल्या की पुन्हा येत नाहीत, कारण कुणी बोलावलेलेच नसते, आणि अहवाल आला तरी तो त्यांच्यापर्यंत पोचवणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. आनुवंशिक सल्ला देणारी एक व्यक्ती आणि फोन करणारी एक परिचारिका, एवढा खर्च राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात सापडणारही नाही.

हद्दीचा प्रश्नही सुरुवातीलाच सोडवावा लागेल. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी येथून बांबोळीला येणाऱ्या गरोदर स्त्रिया आपल्या रुग्णालयात तपासल्या जातात आणि त्यांचे पत्ते महाराष्ट्रात असतात; कारवारकडूनही तसेच रुग्ण येतात. त्यांना वगळले तर गोमेकॉतली कठीण प्रकरणेच वगळली जातील, आणि त्यांना गोव्याच्या जन्मांत धरले तर गोव्याचे प्रमाण फुगेल. नोंद रहिवासानुसार वेगळी पाडून सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नड या जिल्ह्यांशी माहितीची देवाणघेवाण करण्याचा करार त्यासाठी हवा. तो दोन आरोग्य संचालनालयांच्या पत्रव्यवहारात अडकू द्यायचा नसेल, तर पुढाकार सरकारी खात्याने न घेता महाविद्यालयाच्या प्रसूती आणि बालरोग विभागांनी घ्यावा, आणि त्यांच्या नीती समितीवर अपंग मुलाची एक आई व अशा गर्भारपणातून गेलेली एक स्त्री यांना मतदानाच्या हक्कासह बसवावे.